जुन्या हार्ड डिस्कवरील दप्तर कसे उघडावे

शाळेचा जुना संगणक निकामी झाला म्हणजे त्यातील हार्ड डिस्क काढून ती नव्या संगणकास बाहेरून जोडण्यात येते. परंतु निकालपत्रकांचे फोल्डर उघडू जाता प्रवेश नाकारल्याची सूचना उमटते. अशा वेळी डिस्क बिघडली असे समजून ती फॉरमॅट करणे म्हणजे कुलूप निघेना म्हणून कपाटच जाळण्यासारखे होय. दप्तर आत शाबूत असते. अडसर असतो तो केवळ अधिकाराचा.

याचे कारण असे. विंडोज प्रणालीत १९९३ पासून वापरात असलेल्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलीसोबत तिचा मालक कोण व ती कोणी वाचावी याची नोंद असते. ही नोंद नावाने नव्हे, तर ओळखक्रमांकाने केलेली असते. एकाच नावाचे दोन विद्यार्थी जसे जनरल रजिस्टरातील क्रमांकाने वेगळे ठरतात, तसेच हे आहे. दोन्ही संगणकांवर खात्याचे नाव एकच असले, तरी क्रमांक भिन्न असल्याने नवा संगणक आपणांस परके समजतो.

उपाय सोपा आहे. प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्याने संगणक सुरू करावा. हव्या त्या फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी' व 'ॲडव्हान्स्ड' या क्रमाने जावे. 'ओनर'समोरील 'चेंज' निवडून आपल्या खात्याचे नाव लिहावे, आतील फोल्डरांनाही तोच मालक लागू करणाऱ्या चौकटीत खूण करावी आणि 'ओके' म्हणावे. अधिकार बदलण्याविषयी संमती विचारल्यास 'यस' निवडावे. त्यानंतर दप्तराची प्रत नव्या संगणकावर घेऊन काही फाइली उघडून पाहाव्यात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मालकी केवळ आवश्यक फोल्डरांचीच बदलावी आणि 'एव्हरीवन' या नावाने सर्वांस अधिकार देऊ नयेत. कारण त्यांत बालकांची खाजगी माहिती असते. दुसरे, डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मालकी बदलून ती उघडणार नाही. त्यासाठी संकेतशब्द अथवा ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांकच लागतो. यास्तव संगणक चालू स्थितीत असतानाच तो क्रमांक लिहून मुख्याध्यापकांच्या ताब्यातील कपाटात ठेवावा आणि पदभार देतेवेळी इतर चाव्यांबरोबर तोही सुपूर्द करावा.