विहीर आणि शोषखड्डा यांमधली माती

सकाळी साडेसहा

सिंदेवाहीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या गावांत उजाडल्याशिवाय शिवारात पाऊल टाकायचं नाही, हा नियम आम्ही पाळतो. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आणि माणूस एकाच वाटेवर येतात. पहाटे टमरेल घेऊन झुडपात जाणं इथे जिवावर बेतू शकतं, म्हणून घरोघरी संडास झाले याचा मला मनापासून आनंद आहे. त्या संडासाचं पाणी जमिनीत शिरून कुठे जातं, हे पाहणं आमचं काम.

साडेसात

आधी विहीर. ऑक्टोबरातली पातळी टेपनं मोजते, पण मला खरी हवी असते ती भर पावसाळ्यातली. ती दगडांवरच्या ओलीच्या खुणा सांगतात, नाहीतर पाणी भरायला आलेल्या मावशी. "पोळ्याले दोर लागत नाही जी, वाकून बादली भरते." म्हणजे उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसणारा शोषखड्डा ऑगस्टमध्ये थेट भूजलात बसलेला असणार. खड्ड्याचा तळ आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी यांच्यात दोन मीटर कोरडी माती हवी. भोवती धानाच्या बांध्या असलेल्या गावात ती सहसा मिळत नाही.

नऊ

एका घरामागच्या सांदवाडीत गिरमिटानं माती काढतो. वर काळपट, चिकण कन्हार, खाली राखाडी थरात तांबूस ठिपके. ते ठिपके दिसले की तिथवर दरवर्षी पाणी चढतं हे कळतं, कोणाला विचारावं लागत नाही. चार घरं पलीकडे, चढावर, मुरमाड बर्डी आणि हातभर खाली कुजलेला खडक.

दोन्हीकडे कालच चाचणीचे खड्डे खणून, तळाशी बारीक गिट्टी घालून, रात्रभर पाणी भरून ठेवलं होतं. कोरड्या मातीवर केलेलं मोजमाप फसवं असतं, ती आधी तृप्त व्हावी लागते. आता गिट्टीवर १५० मिलिमीटर पाणी ठेवून पट्टी आणि घड्याळ. २५ मिलिमीटर उतरायला तासाहून जास्त वेळ लागला तर तिथे शोषखड्डा चालत नाही. कन्हारीत पट्टी जवळजवळ हललीच नाही. बर्डीत पाणी बघता बघता उतरलं.

साडेअकरा

बर्डीवरचं घर खूश. "जमीन चांगली हाये, पाणी चटकन पिते." इथेच मला थांबून बोलावं लागतं. कन्हारीत संडास तुंबतो, ते डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. बर्डीत काहीच दिसत नाही. जंतू मातीत बऱ्याच अंशी अडकतात, नायट्रेट मात्र पाण्यात विरघळलेलं असतं आणि माती ते धरून ठेवत नाही. चिकण, ओल्या, हवा नसलेल्या थरात काही जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडतात. मोकळ्या मुरमात ती संधीच नाही. तिथे उलट नायट्रेट तयार होतं आणि खडकाच्या भेगांतून विहिरीची वाट धरतं.

एका माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो, बहुतेक लघवीतून. तो सगळा नायट्रेट झाला तर ४४ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. म्हणजे एका माणसाचा एक दिवस हजारेक लिटर स्वच्छ पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरतो.

दुपारी दोन

गावातली विहीर, शिवारातली विहीर आणि बोअर, तिन्हींचे नमुने. किटमधला रंग फक्त अंदाज देतो. बाटल्या बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जातात. गावात नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही जास्त आणि शिवारात कमी निघाले, तर संशय संडास आणि उकिरड्यांवर. शिवारातच नायट्रेट जास्त, तर युरियावर. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं.

मला जास्त काळजी बोअरची वाटते. चंद्रपूर जिल्ह्यात अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लोकांना आधार उथळ विहिरीचा. तीही नायट्रेटनं गेली तर प्यायचं काय?

चार

ग्रामपंचायतीत जमलेल्यांत बाया जास्त, हे बरं. त्यांना सांगते: पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यावर वाढतं. जंतू मारणाऱ्या टीसीएल पावडरनंही जात नाही. अशा पाण्यात कालवलेलं वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका सर्वांत मोठा, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटून बाळ निळं पडतं. अमेरिकेत आयोवातल्या शेतांवरच्या विहिरींच्या पाण्याशी याचा संबंध डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये मांडला होता. सहा महिने अंगावरचंच दूध, हा आशाताईंचा सल्ला इथे दुप्पट मोलाचा.

मिस्त्रीला दहा फूट खोल एकच खड्डा हवा होता. आम्ही दोन उथळ खड्डे ठरवले, आलटून पालटून वापरायचे, विहिरीपासून खालच्या उताराला, १८ मीटरांपलीकडे. कन्हारीतल्या घराला जमिनीवर उचललेला मातीचा भराव लागेल, खर्च वाढेल, हे स्पष्ट सांगितलं. एका घरात १८ मीटर मिळतच नाहीत. शेजारच्या भावाच्या सांदवाडीत खड्डा घेता येईल का, यावर दोन्ही घरं आज रात्री बोलणार आहेत. विहिरीला टेकलेला उकिरडा मात्र दिवाळीआधी हलवायचा, हे सरपंचताईंनी तिथेच कबूल केलं.