घरातली कात्री, घरातली मेंदी

२०२० सालचा रमजान कुणाच्याच घरात विसरला गेला नसेल. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि तो सबंध महिना चार भिंतींच्या आत गेला. तरावीह घरात, इफ्तार घरात. ईद आली २५ मे रोजी, सोमवारी. नवे कपडे नाहीत याचं मुलांना फारसं काही वाटलं नाही. पण ईदच्या दोन दिवस आधी आमचा धाकटा आरशासमोर उभा राहिला आणि रडवेला होऊन म्हणाला, "अब्बा, ऐसे बालां लेके ईद मनाऊं क्या?"

केस कानांवरून खाली आले होते. भोर शहरातली सलून दोन महिने बंद होती. वेल्हे तालुक्यातल्या (आता राजगड तालुका म्हणतात) वाड्यांवरची माणसं बाजाराला किंवा कामाला मोठ्या गावात आली की केस कापून जायची. तेही थांबलं होतं. तेव्हा आम्ही शाळेच्या कामाची, तक्ते कापायची कात्री काढली, मुलाला अंगणात स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली आणि बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली.

पाच मिनिटांत उजव्या कानामागे एक पायरी पडली. ती बुजवायला डावीकडे कापलं, तर तिथे दुसरी पडली. शेवटी मुलांच्या अम्मीने कात्री हातातून काढून घेतली आणि बाकीचं डोकं सावरलं. ईदच्या फोटोत धाकटा टोपी जरा कानावर ओढून बसलेला आहे, त्याचं कारण हे आहे.

महाराष्ट्रात सलून पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती २८ जूनपासून. आम्ही आमच्या नेहमीच्या कारागिराकडे गेलो. धाकट्याचं डोकं बघून तो हसला, "गुरुजी, कात्री कागदाची होती वाटतं!" मग केस कापता कापता हळूच म्हणाला, "तीन महिने एक रुपया आला नाही." वीस वर्षं आम्ही त्या खुर्चीत बसतोय, पण त्या तीन महिन्यांत त्याच्या घरी चूल कशी पेटली हे विचारायला एकदाही फोन केला नव्हता. त्या दिवशी आम्ही तीन महिन्यांचे पैसे त्याच्यापुढे ठेवले. तो घेईना. "न केलेल्या कामाचे कसे घेऊ?" जुन्या काळी नाभिकाला खळ्यावर वर्षाचं धान्य मिळायचं, कुणाचं डोकं किती वेळा केलं याचा हिशेब कुणी ठेवत नसे. ते आठवून आम्ही म्हणालो, "बलुतं समजा." तेव्हा त्याने घेतले.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली आहे. मोठं काम कारागिराकडे, मधलं सावरणं घरी. चुका करत करत जे शिकलो, ते आधी सांगतो.

केस कापायची कात्री वेगळी ठेवावी. कागद-कापड कापलेली कात्री बोथट होते, ती केस कापत नाही, चावते. मुलांसाठी ट्रिमर घेतला तर त्यासोबत कंगवे येतात. साधारणपणे १ नंबरचा कंगवा ३ मिलिमीटर केस ठेवतो, २ नंबरचा ६, ३ नंबरचा १० आणि ४ नंबरचा १३ मिलिमीटर. नेहमी मोठ्या नंबरापासून सुरुवात करावी. जास्त राहिलेलं पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं महिनाभर बघत बसावं लागतं. कारण केस महिन्याला जेमतेम एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. ट्रिमर मानेकडून वर, केसांच्या वाढीच्या उलट दिशेने न्यावा आणि कान हाताने दुमडून धरावा.

मुलींचे केस ओले करून, विंचरून, दोन बोटांत धरून कापावेत. पण ओला केस लांब दिसतो, सुकला की आखडतो. म्हणून एक इंच कमी करायचा असेल तर अर्धाच इंच कापावा आणि सुकल्यावर पुन्हा बघावं. कपाळावरची बट तर सुकीच कापावी. घाई असेल त्या दिवशी कात्री हातात घेऊच नये.

वस्तरा किंवा ब्लेड मात्र ज्याचं त्याचं वेगळं हवं. घरातली माणसं आहेत म्हणून एकच ब्लेड वापरू नये. हिपॅटायटिस बी आणि सी हे आजार रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही पसरतात, आणि घरातल्या कुणाला तो आहे हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं.

शाळेत मुलं खेळाडूंचे फोटो घेऊन येतात. बाजू तासलेल्या, वर तुरा. डोक्याचा काही भाग मुंडवायचा आणि काही भाग ठेवायचा, याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मुलांवर ओरडण्यापेक्षा हे त्यांना बसवून सांगावं. सगळीकडे सारखे कापलेले केसही छान दिसतात, हे आरशात दाखवावं. आमचा थोरला असाच ऐकला.

कात्रीची चूक महिन्या-दोन महिन्यांत भरून येते. रंगाची चूक तशी भरून येत नाही. हे आम्ही फुफूकडून शिकलो.

आमची फुफू वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या बाजूच्या एका गावात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्या भाचीचा, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीचा निकाह होता. रविवारी निकाह आणि बुधवारी रात्री फुफूने केसांना काळी मेंदी लावली. पाकिटावर मेंदीची पानं होती, नावात मेंदी होती, म्हणून तिने ती मेंदीच समजली. गुरुवारी संध्याकाळी टाळू खाजायला लागली. तिला वाटलं, घाम असेल. शुक्रवारी सकाळी उठली तर दोन्ही डोळे उघडेनात. कपाळ, पापण्या, कान सुजून चेहरा ओळखू येईना.

गावातून नसरापूरपर्यंत जवळपास तासाभराची वाट, रस्ता वळणावळणाचा. जीपमध्ये फुफू गप्प होती. मध्येच एकदा म्हणाली, "कुछ नई होता रे, तू गाडी धीरे चला." डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "यापूर्वी कधी हातावर काळी मेंदी काढली होती का?"

काढली होती. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात, तासाभरात काळा रंग येणारा कोन. तेव्हा तळहातामागे बारीक फोड आले होते. उष्णता असेल म्हणून तिने तूप लावलं आणि विसरून गेली. डॉक्टर म्हणाले, शरीर विसरलं नव्हतं.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. खऱ्या मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या आणि कातडीतल्या प्रथिनाला चिकटतं आणि नारिंगी, लालसर किंवा तपकिरी रंग देतं. मेंदी काळा रंग देतच नाही. जी 'मेंदी' काळी होते, तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं आणि पुष्कळदा ते पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डब्यातल्या केसरंगांत हे रसायन वापरलं जातं. ते रंग पक्का देतं, पण काही माणसांचं शरीर त्याला एकदा शत्रू ठरवलं की आयुष्यभर शत्रूच मानतं. पहिल्या वेळी बारीक फोड येतात. पुढच्या वेळी चेहरा सुजतो, कधी श्वासाचा त्रासही होतो. युरोपीय संघाने केसांना लावायच्या मिश्रणात त्याचं प्रमाण २ टक्क्यांपर्यंतच ठेवायचा नियम केला आहे, आणि कातडीवर नक्षी काढायला तर त्याला परवानगीच नाही. बाजारातल्या काळ्या कोनात ते किती असतं, हे कोनावर लिहिलेलंही नसतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मुली हात पुढे करून मेंदी दाखवतात. पूर्वी आम्ही नुसतं "छान" म्हणायचो. आता रंग बघतो. लाल-तपकिरी असेल तर छान म्हणतो, काळा असेल तर आईला निरोप पाठवतो. दहा वर्षांच्या मुलीच्या हातावर आज काळा कोन काढला, तर चाळिशीत ती केसांना रंग लावेल तेव्हा तिची फुफूसारखी गत होऊ शकते.

मग घरी केस रंगवायचेच नाहीत का? रंगवा, पण या गोष्टी सांभाळून.

डब्यातला रंग असेल तर आधी त्याचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट बघावी. दर वेळी, नेहमीचाच डबा असला तरीही. 'अमोनियामुक्त' लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असा अर्थ होत नाही. बारीक अक्षरातली यादी वाचावी. ज्यांना काळ्या कोनाने किंवा रंगाने पूर्वी फोड आले असतील, त्यांनी चाचणीच्याही भानगडीत पडू नये. भुवयांना, पापण्यांना हा रंग कधीच लावू नये, दृष्टीला धोका असतो. आणि डबा, पुडी, वाटी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. हा रंग पोटात गेला तर घसा सुजतो, मूत्रपिंडं निकामी होतात. असं झालं तर घरगुती उपाय न करता थेट मोठं रुग्णालय गाठावं.

साध्या मेंदीची रीत आमच्या अम्मीची आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना दीडशे-दोनशे ग्रॅम पूड लागते. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, पण कुठलीही असली तरी पुडी उघडून बघावी. पूड हिरवट हवी, वास पाल्याचा हवा. चहाच्या कोमट पाण्यात, थोडं लिंबू पिळून ती रात्रभर भिजवावी. तळहातावर ठिपका लावून बघावा. आधी नारिंगी आला आणि दुसऱ्या दिवशी गडद झाला तर मेंदी खरी, तासाभरात काळा झाला तर पुडी फेकून द्यावी. केस तेलकट नसावेत. दोन-तीन तास ठेवून साध्या पाण्याने धुवावेत. ज्यांना आणखी गडद रंग हवा त्यांनी मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पूड, जिला जुनी माणसं वस्मा म्हणतात, कोमट पाण्यात कालवून तास-दीड तास लावावी. पहिल्या दिवशी केसांवर हिरवट झाक दिसते, घाबरू नये. एक-दोन दिवसांत गडद तपकिरी रंग बसतो. मात्र पुडीत फक्त पानंच आहेत ना, ही खात्री इथेही करावी. आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला खरी मेंदीसुद्धा चोपडू नये. काही बाळांमध्ये जन्मतः जी-६-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, त्यांचं रक्त तिने बिघडतं.

वजूबद्दल बायका नेहमी विचारतात. मेंदीचा रंग पाणी अडवत नाही, पण वाळलेला लेप अडवतो. म्हणून वजूआधी लेप पूर्ण धुवावा. काळ्या रंगाबद्दल हदीस अशी आहे की मक्का विजयाच्या दिवशी हजरत अबू बक्र (रजि.) यांचे वडील अबू कुहाफा (रजि.) यांना आणलं, त्यांचे केस-दाढी पांढरीशुभ्र होती, तेव्हा प्रेषितांनी (स.) हा रंग बदला पण काळा टाळा, असं सांगितलं. दुसऱ्या हदीसमध्ये मेंदी आणि कतम या वनस्पतीला पसंती आहे. तपशिलाचा मसला आपापल्या मौलानांना विचारावा. आम्हाला यातलं एक लक्षात राहिलं, की पांढरे केस रंगवण्याला ना नाही, पण म्हातारपण लपवण्याची धडपड नको.

कारण फुफूला आम्ही नंतर विचारलं, एवढी घाई कशाला केलीस? ती म्हणाली, "लडकेवाले क्या बोलते, दुल्हन की फुफी बुड्ढी?" त्या एका वाक्यासाठी ती तीन दिवस डोळे मिटून पडली होती. रविवारी निकाहला आली ती दुपट्टा कपाळावर ओढून, सुजलेल्या चेहऱ्याने. मुलाच्या आईने तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. त्या बाईंचे स्वतःचे केस मेंदीने लालभडक होते, आणि मुळाशी चांगले बोटभर पांढरे.

आता दर ईदच्या आधी फुफू भोरला येते. रात्री मेंदी भिजते, सकाळी अम्मी तिच्या केसांना लावते, आणि दोघी उन्हात बसून धाकट्याची कटिंग बघतात. कात्री मुलांच्या अम्मीच्या हातात असते. आम्हाला चादर धरायचं काम मिळालं आहे.