बोट्स्वानाने चाचणी नेहमीची केली

एचआयव्ही असलेल्या आईवर काहीच उपचार झाले नाहीत, तर गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. औषधे वेळेवर सुरू झाली, तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. इतके टाळता येण्याजोगे दुखणे असूनही गरीब देशांत बाळांना लागण होत राहिली, ती औषधे मिळत नव्हती म्हणून, असे आपण धरून चालतो. बोट्स्वानात मात्र औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होते. 2003 च्या सुमारास तिथल्या गरोदर स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणींना लागण होती. पण ती नेमकी कोणाला, हे कळायला चाचणी हवी आणि चाचणीसाठी बाईने वेगळे समुपदेशन घेऊन आपणहून होकार द्यायचा, अशी रीत होती. जिला काहीच त्रास जाणवत नाही, तिने हा विषय काढावा तरी कशाला?

2004 मध्ये ही रीत बदलली. गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासण्यांतच एचआयव्हीची चाचणी आली. नको असेल तर तसे सांगायचे. बोट्स्वानातल्या फ्रान्सिसटाउन शहराच्या दवाखान्यांत चाचणीचे प्रमाण काही महिन्यांतच सुमारे 75 वरून 90 टक्क्यांवर गेले. यावरचा आक्षेप गंभीर आहे: नर्ससमोर नाही म्हणायची हिंमत किती जणींना होते, आणि घरी कळल्यावर मारहाण झाली तर? म्हणूनच संमती आणि गुप्तता यांत कसूर चालणार नाही. पण आपल्याला लागण आहे हेच ज्या बाईला ठाऊक नाही, तिला जुन्या रीतीत तरी कसली निवड होती? शिवाय या बदलाला घाबरून गरोदर स्त्रियांनी दवाखान्यात येणे कमी केल्याचेही दिसले नाही.

मला खरी अडचण पुढच्या टप्प्यावर दिसते. त्याच फ्रान्सिसटाउनमध्ये रक्त देऊनही अनेक जणींच्या हाती निकाल पडत नव्हता. अशी चाचणी कागदावरच मोजली जाते, बाळाला तिचा उपयोग शून्य. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर त्याच भेटीत निकाल सांगणारी जलद चाचणी म्हणूनच मोलाची. आणि एकदा तपासून भागत नाही. सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्या बाईला नंतर लागण झाली, तर तिच्या रक्तात विषाणू भरमसाट असतात आणि बाळाचा धोका उलट वाढतो. त्यामुळे शेवटच्या महिन्यांत आणि पाजण्याच्या काळात फेरतपासणी हवीच. या अडचणी असूनही 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून होणारी लागण 5 टक्क्यांच्या खाली आणल्याबद्दल बोट्स्वानाला रौप्य दर्जा दिला. साथीचा एवढा भार असलेला असा तो पहिलाच देश.

राहता राहिले बाळ. आईची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात दीड वर्षापर्यंत टिकू शकतात, त्यामुळे साधी चाचणी फसवते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास टाचेतले रक्त कागदावर टिपून थेट विषाणू शोधावा लागतो. हा कागद आणि त्याचा निकाल उशिरा पोचून चालत नाही, कारण उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळपास निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.