दुहेरी कंपाइल

२००४ साली क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत मी संगणकाचे वर्ग घेत असे. एमएस-सीआयटीचा जोर होता. रात्रीची बॅच सुटली की एक विद्यार्थी पुण्याहून आणलेली सीडी लावी आणि आम्ही चार-पाच जण खुर्च्या ओढून बसत असू. मालिका जपानी, खाली इंग्रजी अक्षरे. नाव ‘बॅटल प्रोग्रामर शिरासे’.

हिरोकी हायाशी यांची ही विनोदी ॲनिमे मालिका जपानमध्ये ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाली आणि १५ छोट्या भागांत, पुढच्या जानेवारीत, आटोपली. नायक आकिरा शिरासे हा अव्वल हॅकर. पण तो पैसे घेत नाही. एका कामाचा मोबदला म्हणून त्याला हवी असते ‘क्वांटम फायरबॉल’ जातीची, बाजारातून गेलेली हार्ड डिस्क! आम्ही पोट धरून हसलो, कारण तसल्याच डिस्क आमच्या वर्गातल्या जुन्या यंत्रांत कुरकुरत होत्या. क्वांटम कंपनीने आपला हार्ड डिस्कचा धंदा २००१ मध्ये मॅक्स्टरकडे दिला होता, म्हणजे दुर्मीळपणा अगदीच काल्पनिक नव्हता. मोबदल्यात नात्यातल्या लहान मुलीचे फोटोही येतात. तेव्हा आम्ही तिकडे काणाडोळा केला. आज तो विनोद मला सहन होत नाही.

खरी गंमत लढाईची. प्रतिस्पर्धी हॅकर समोर आला की शिरासे कुस्तीतला ठेवणीतला डाव काढावा तसा ‘दुहेरी कंपाइल’ करतो. कंपाइल करणे म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राला कळतील अशा सूचनांत रूपांतर करणे. ते काम यंत्रच करते. बोटे कितीही वेगाने चालली तरी त्यात फरक पडत नाही. बैठ्या, कंटाळवाण्या कामाला मल्लयुद्धाचा आव आणणे, हाच तिथला विनोद. पण तो कळायला कंपाइल म्हणजे काय ते ठाऊक हवे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या मनात उरतो तो जादूगार.

आपल्या कायद्यानेही हा शब्द आधी उचलला आणि मग सोडला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ चा मथळाच ‘हॅकिंग’ असा होता. २००८ च्या दुरुस्तीने तिथे संगणकाशी संबंधित गुन्हे अशी व्यापक भाषा आली. शिवाय ६६ ड हे नवे कलम आले: संगणक किंवा फोनच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेली फसवणूक.

मोठ्या चोऱ्यांत तंत्र असते, नाही असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचूच न देता मधल्या बनावट स्विचने परस्पर होकार दिला. पण त्या होकारानंतर नोटा काढायला देशोदेशीच्या एटीएमसमोर हाडामांसाची माणसेच उभी होती, हातात नकली कार्डे घेऊन.

आमच्या काकांच्या बाबतीत तर तेवढेही तंत्र नव्हते. निवृत्त शिक्षक, उस्मानपुऱ्यात घर. तीन वर्षांपूर्वी एकाने फोनवर बँकेचा माणूस म्हणून गोड बोलून त्यांच्याकडून ओटीपी घेतला. पेन्शनमधले एक लाख ऐंशी हजार गेले. काका दोन दिवस कुणाला बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला सांगताना त्यांचे पहिले वाक्य होते, “अरे, फार हुशार हॅकर होता तो.”

मी म्हणालो, “काका, हॅकर कसला, बोलका होता फक्त.” आणि लगेच जीभ चावली. हुशार माणसाने फसवले यात त्यांची थोडी तरी अब्रू उरत होती. तीही मी काढून घेतली. पण त्याच हुशारीच्या धाकाने ते दोन दिवस गप्प बसले होते. एवढ्या मोठ्या माणसापुढे आता काय चालणार, असे त्यांना वाटले. १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवले तर पैसा पुढच्या खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही फोन केला तोवर तो तीन खात्यांतून फिरून निघून गेला होता.

परवा दिवाळीच्या खरेदीला क्रांती चौकातून दोघे जात होतो. काकांचा फोन वाजला. अनोळखी क्रमांक. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तूच बघ. हुशार आहे की बोलका, ते सांग.”