आठ ओळींतलं झाड

बालकवींची ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची आहे. पोस्टकार्डावर मावेल एवढी. तिच्यावर मराठी समीक्षक पिढ्यानपिढ्या लिहीत आले, तरी ती पुरती हाती लागलेली नाही. एवढ्याशा जागेत हे कसं साधलं असेल?

गंमत अशी, की पहिल्या सात ओळींत औदुंबराचं नावच नाही. झरा आहे, दोन्ही काठांची हिरवळ आहे, टेकडीकडचं चिमुकलं गाव, शेतं, पायवाट, डोह आहे. सातव्या ओळीत पाण्यावर सावली पसरते. झाडाच्या आधी त्याची सावली पोहोचते! झाडाचं नाव येतं ते आठव्या ओळीच्या अगदी टोकाला, कवितेचा शेवटचा शब्द होऊन.

तोवर रंगांनी आपलं काम केलेलं असतं. हिरवा तीनदा येतो. वाहतं पाणी निळसर, डोह मात्र काळा. मधून जाणारी वाट तेवढी पांढरी, म्हणून नजर तिच्यावर खिळते आणि तिच्याबरोबर थेट डोहापाशी येते. शेवटच्या ओळीत एकही रंग नाही. इतकी रंगांची उधळण करणारा कवी नेमक्या मुख्य पात्राला रंग देत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आणखी एक जागा पाहा. पाण्यावरच्या काळेपणाला बालकवी गोड म्हणतात. काळोखाला चव कुठून आली? डोळ्यांना दिसणारी गोष्ट त्यांनी जिभेच्या हवाली केली. त्यामुळे जिथे भीती वाटायची, तिथे ओढ वाटू लागते.

आता मुख्य अलंकार. निर्जीवाला किंवा मानवेतराला माणसाचे गुण देणं म्हणजे चेतनगुणोक्ती, हे शाळेत शिकलेलं असतं. ‘हा रस्ता पुण्याला जातो’ असं आपणही म्हणतोच की! कवितेतली वाट तशीच चालते, झराही वाहतो. सगळं हलतं आहे, आणि औदुंबर तेवढा पाण्यात पाय सोडून बसला आहे. ‘जणू’ नाही, ‘सारखा’ नाही. तो सुखी की उदास, हेही सांगितलेलं नाही. दिली आहे ती फक्त बैठक.

ही बैठक हवेतून आणलेली नाही. उंबर ओढ्याकाठी चांगला वाढतो, त्याची मुळं पाण्यापर्यंत जातात. शिवाय मराठी मनात औदुंबर म्हटलं की दत्तगुरू, पारावरच्या पादुका, नृसिंहवाडी हे ओघानं येतं. म्हणून संन्यासी हा शब्द न उच्चारताही अनेकांना तिथे संन्यासी दिसला. कुणाला आयुष्याचा प्रवास दिसला, तर कुणी म्हणालं, हे निव्वळ निसर्गचित्र आहे. धरणगावला १८९० साली जन्मलेले बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, रेल्वे अपघातात गेले. हे ठाऊक असलेल्या वाचकाला तो डोह आणखी काळा भासतो. माझ्या मते यातला कुठलाच अर्थ एकटा पुरा पडत नाही. कवीनं भावना सांगायची टाळली, म्हणूनच इतक्या जणांना तिथे जागा मिळाली.

कविता शाळेत पाठ केली असेल, तर आज पुन्हा काढा आणि मोठ्यानं म्हणा. अर्थ सांगायची घाई मात्र करू नका.