तारुण्यपीटिकांचे औषध आणि सिस्टिक फायब्रोसिस

तारुण्यपीटिकांवर व्याख्यान द्यावे, याचे काहींना हसू येईल. परंतु सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात रोगाच्या संदर्भात हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्याने ग्रासलेली बहुतेक मुले शाळेचे तोंडही पाहत नसत. तारुण्यच जेथे दुर्लभ, तेथे तारुण्यपीटिका कोठल्या? आज अमेरिका-युरोपात हे रुग्ण वयात येतात, नोकऱ्या करतात, संसार थाटतात. आणि चेहऱ्यावरच्या खोल, दुखऱ्या गाठींनी त्रासून त्वचारोगतज्ज्ञाचे दारही ठोठावतात.

साध्या मलमांना दाद न देणाऱ्या अशा गाठींवर आयसोट्रेटिनॉइन हे जालीम औषध आहे. अमेरिकेत त्यास १९८२ साली मान्यता मिळाली. त्वचेतील तेलाच्या ग्रंथी ते आक्रसून टाकते, आणि काही महिन्यांच्या उपचाराने चेहरा निवळतो. मात्र ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, नाकातून रक्त येते, रक्तातील चरबी वाढते, यकृतावरही क्वचित ताण पडतो. याचे मूळ असे की, हे औषध 'अ' जीवनसत्त्वाच्याच कुळातले आहे. म्हणून ते घेणाऱ्यास 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका, असे बजावून सांगतात.

नेमकी येथेच अडचण उभी राहते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पेशींच्या आवरणातून क्षार व पाणी यांची ये-जा बिघडते व शरीरातील स्राव चिकट होतात. फुप्फुसांत कफ साचतो हे तर खरेच. पण बहुतेकांच्या स्वादुपिंडाच्या नलिकाही तुंबतात, पाचकरस आतड्यात उतरत नाही आणि अन्नातील चरबी पचत नाही. चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. म्हणून हे रुग्ण जेवणाबरोबर पाचकद्रव्ये घेतात आणि जीवनसत्त्वांची गोळी रोज, वर्षानुवर्षे घेतात. एक वैद्य म्हणतो 'अ' घ्या, दुसरा म्हणतो घेऊ नका!

मग गोळी बंद करावी काय? आमच्या मते रुग्णाने स्वतःच्या बुद्धीने तसे कधीही करू नये. त्या एका गोळीत बहुधा चारही जीवनसत्त्वे असतात. ती सोडली म्हणजे हाडांना लागणारे 'ड' गेले आणि रक्त गोठण्यास लागणारे 'के'ही गेले. रक्तातील 'अ'ची पातळी मोजून मगच मात्रा ठरवावी, आणि तीही छातीला संसर्ग झाला असताना मोजू नये, कारण तेव्हा ती खोटी कमी दिसते. शिवाय आयसोट्रेटिनॉइन स्निग्ध जेवणाबरोबर अधिक शोषले जाते. ज्याला चरबी पचत नाही, त्याच्या पोटातून ते किती आत जाईल, याचा ठोकताळा बांधता येत नाही.

२०१९ साली अमेरिकेत तीन द्रव्यांचे एक नवे औषध आले. ते रोगाच्या मुळाशी जाऊन सदोष प्रथिनास कामास लावते. त्याने अनेकांचे श्वास मोकळे झाले. गंमत अशी की, काहींच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या त्यानंतरच उठल्या. या औषधावर असताना यकृताच्या तपासण्या कराव्याच लागतात. त्यात आयसोट्रेटिनॉइनची भर पडली, तर त्या अधिक काटेकोरपणे व्हाव्यात हे उघड आहे. काहींच्या रक्तातील 'अ'ही या औषधानंतर वाढते, म्हणजे जुनी मात्रा जास्त ठरू शकते.

एवढ्यावरून हे औषध या रुग्णांना वर्ज्यच आहे, असे कोणी समजू नये. देखरेखीखाली ते दिले गेले आहे व गुणही आला आहे. पण त्वचेच्या आणि छातीच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी ठाऊक हवी. छातीच्या संसर्गावर कधी डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन देतात. ही द्रव्ये आयसोट्रेटिनॉइनबरोबर घेतल्यास कवटीतील दाब वाढून दृष्टीस धोका पोचू शकतो. असह्य डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हे औषध गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करते. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलींना 'तुला मूल होणे कठीण' असे पूर्वी सांगितले जाई. नव्या औषधानंतर त्यांपैकी अनेकींना दिवस गेले आहेत. तेव्हा जुन्या समजुतीवर विसंबून चालणार नाही. उपचारापूर्वी गर्भ नसल्याची खात्री, उपचार चालू असता खात्रीशीर संततिनियमन, आणि ते शेवटच्या गोळीनंतरही एक महिना, हा नियम या मुलींनाही तितकाच लागू आहे.