पायाखालची पृथ्वी – लेखांक 9 : खाली लाव्हाचा समुद्र नाही

या खेपेला गाभ्यात उतरायचे ठरले होते. तो बेत एक आठवडा लांबवतो, कारण विक्रोळीहून आलेल्या एका पत्रातला प्रश्न आधी सुटला नाही तर गाभ्याविषयी जे सांगायचे आहे त्याला अर्थच राहणार नाही. बुलेट ट्रेनच्या एकवीस किलोमीटरच्या बोगद्यासाठी विक्रोळीत सुमारे 56 मीटर खोल उभी विहीर खणली आहे. इथून एक तोंड वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाते आणि दुसरे ठाण्याच्या खाडीखालून शिळफाट्याकडे. त्या खोदकामातून निघणारा काळा दगड पाहून वाचक विचारतात : हा सगळा लाव्हाचाच दगड आहे, हे तुम्ही मागच्या लेखात सांगितलेत. मग असेच खाली खाली गेलो तर कधीतरी वितळलेला लाव्हा लागणारच ना? किती खोलीवर? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि हाच समज बहुतेकांच्या मनात पक्का बसलेला असतो. वर थंड कवच आणि त्याखाली उकळता शिलारस, असे लाल-केशरी रंगातले पृथ्वीचे चित्र आपण शाळेपासून पाहत आलो आहोत. माझे म्हणणे असे, की हे चित्र मुळातच चुकीचे आहे. भूकवचाखाली सुमारे 2900 किलोमीटर खोलीपर्यंत जे प्रावरण आहे, तो घट्ट खडक आहे. आणि याची साक्ष दुसरीकडे शोधायला नको, ती विक्रोळीचा काळा दगडच देतो.

आधी भोक पाडून काय दिसते ते पाहू. छप्पन्न मीटर म्हणजे पृथ्वीच्या 6371 किलोमीटर त्रिज्येचा लाखावा हिस्साही भरत नाही, तेव्हा त्या विहिरीवरून काही ठरवता येणार नाही. पण महाराष्ट्रात याहून पुष्कळ खोल भोके पाडली गेली आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत छिद्र घेतले, तेव्हा काळा कातळ 338 मीटरवर संपला. कोयनेच्या परिसरात गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले, तिथे तो सुमारे 1250 मीटरवर संपला. दोन्हीकडे त्याखाली निघाला तो ग्रॅनाइट आणि नाइस यांचा पाया, दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी पट जुना, थंड आणि कठीण. खाली लाव्हाचा साठा असता आणि वरचा दगड ही त्याच्यावर धरलेली साय असती, तर खाली जाता जाता हाच काळा दगड अधिकाधिक तापत, मऊ होत साठ्यापर्यंत पोहोचला असता. प्रत्यक्षात तो मधेच संपतो आणि दुसराच खडक सुरू होतो. म्हणजे लाव्हा या जुन्या जमिनीवर येऊन पसरला. खालून वर येताना त्याने भेगांची वाट धरली, आणि त्या भेगांत गोठून राहिलेल्या डाइक, म्हणजे खडकात उभ्या घुसलेल्या काळ्या भिंती, कोकणात आणि मुंबईच्या टेकड्यांत आजही दिसतात.

यावर कोणी म्हणेल, तीन किलोमीटर तरी कसले आले? रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे छिद्र 12,262 मीटरपर्यंत गेले, आणि तिथेही 180 अंश तापमानाचा घट्ट खडकच लागला, पण तेही पृथ्वीच्या मानाने ओरखडाच. हा आक्षेप खरा आहे. म्हणून पुढची साक्ष भूकंपाच्या लहरींकडून घ्यावी लागते, आणि त्या थेट आरपार जाऊन येतात. या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. पी लहरी खडकाला पुढे-मागे दाबत जातात आणि घन, द्रव, वायू अशा कशातूनही पार होतात. एस लहरी खडकाला आडव्या हिसक्याने हलवतात. द्रवाला आडवा हिसका दिला तर तो नुसता बाजूला सरकतो, परत जागेवर येण्याचा जोर त्याच्या अंगात नसतो, त्यामुळे एस लहर द्रवात शिरताक्षणी विझते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी 12 जून 1897 च्या आसाम भूकंपाच्या युरोपात उमटलेल्या नोंदी तपासून या दोन लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत जगभर लाखो नोंदी झाल्या, 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाची नोंदही त्यांतच आहे. या सगळ्या नोंदी एकच सांगतात : एस लहरी प्रावरणातून सुखरूप पार होतात आणि 2900 किलोमीटरवर जाऊन थांबतात. विक्रोळीखाली शंभर किलोमीटरवर लाव्हाचा समुद्र असता, तर दूरच्या भूकंपाची एकही एस लहर खालून वर विक्रोळीपर्यंत येऊ शकली नसती.

आता दगडाकडे येऊ. विक्रोळीतल्या पार्कसाइटच्या डोंगराचा ताजा फुटलेला तुकडा हातात घेतला, तर आतली बाजू निळसर काळी आणि बारीक पोताची दिसते, बाहेरची साल गंजल्यासारखी तपकिरी. आतले स्फटिक नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, कारण लाव्हा उघड्यावर लवकर थिजला आणि स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. कुठे मसुराएवढी, कुठे बोराएवढी पोकळी असते. तिथे वायूचा बुडबुडा अडकला होता, आणि नंतर झिरपलेल्या पाण्याने त्यात पांढरे झिओलाइट किंवा कॅल्साइट भरले. या दगडाचे रासायनिक पृथक्करण केले की मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण सहा टक्क्यांच्या आसपास निघते. आता प्रावरणाचा खडक कसा आहे ते पाहू. तो आपल्याला अक्षरशः हातात मिळतो. कच्छमध्ये भुजच्या आसपास काही लहान ज्वालामुखी टेकड्या आहेत, दख्खनच्याच काळातल्या. त्यांच्या काळ्या दगडात हिरव्या दाणेदार खडकाचे तुकडे अडकलेले सापडतात. वर येणाऱ्या शिलारसाने वाटेत भूकवचाच्या खालून, प्रावरणातून, ते तोडून आणले. त्यांत मुख्य खनिज हिरवे ऑलिव्हिन, आणि अशा खडकात मॅग्नेशियम ऑक्साइड चाळीस टक्क्यांच्या घरात. दोन गोष्टी इथेच ठरतात. एक, शिलारसाला जिथून तुकडे तोडता आले तिथे तोडण्याजोगा घट्ट खडक होता. दुसरी अधिक महत्त्वाची. प्रावरण सगळेच वितळलेले असते आणि तेच वर सांडले असते, तर विक्रोळीच्या दगडातही मॅग्नेशियम चाळीस टक्क्यांच्या जवळ असायला हवे होते. ते सहा टक्के आहे, याचा अर्थ प्रावरणाचा थोडाच भाग वितळला. लवकर वितळणारी द्रव्ये रसात उतरली आणि मॅग्नेशियमने भरलेले ऑलिव्हिन बहुतांशी मागे घनच राहिले. वर येता येता वाटेत थांबून स्फटिक टाकल्यामुळे रसातले मॅग्नेशियम आणखी घटले, हेही खरे. पण मूळ गोष्ट बदलत नाही. बेसॉल्ट, म्हणजे हा काळा दगड, तयार व्हायचा तर खालचा खडक बहुतांश घन असावाच लागतो.

इथे सर्वांत जोरदार आक्षेप उभा राहतो, तो उष्णतेचा. जमिनीत खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी वाढते, हे खाणीत उतरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत तीन किलोमीटरवर खडक साठ अंशांच्या वर तापलेला होता. हाच हिशेब पुढे नेला तर पन्नास किलोमीटरवर बाराशे-पंधराशे अंश येतात, आणि तिथे दगड वितळायलाच हवा. या हिशेबात दोन गोष्टी निसटतात. पहिली, वाढीचा हा वेग कायम राहत नाही. भूकवचाच्या वरच्या भागात किरणोत्सारी मूलद्रव्यांची उष्णता आहे, ती खाली कमी होते, आणि प्रावरणात पोचल्यावर तर वाढ किलोमीटरमागे जेमतेम अर्धा अंश उरते. दुसरी गोष्ट दाबाची. शंभर किलोमीटरवर वातावरणाच्या तीस हजार पट दाब असतो. दगड वितळताना बहुधा फुगतो, आणि दाब त्याला फुगू देत नाही, म्हणून दाब वाढला की वितळण्यासाठी अधिक उष्णता लागते. जमिनीवर साधारण 1100 अंशांना वितळू लागणारा प्रावरणाचा खडक तिथे 1300-1400 अंश सोसूनही घन राहतो.

मग सह्याद्रीएवढा लाव्हा आला कुठून? याचेही उत्तर दाबातच आहे. प्रावरणाचा तप्त खडक वर सरकू लागला, की त्याच्यावरचा भार उतरत जातो. उथळ प्रावरणात दर किलोमीटर चढणीला त्याचा वितळणबिंदू तीन-चार अंशांनी खाली येतो, पण खडक स्वतः मात्र अर्ध्याच अंशाने निवतो. कुठेतरी या दोन आकड्यांची गाठ पडते आणि बाहेरून एक अंशाचीही उष्णता न घेता खडक अंशतः वितळू लागतो. दख्खनच्या लाव्हाचा जन्म असा झाला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी त्याचा मुख्य ओघ आला. मुंबईतले अनेक खडक त्याहून काही लाख ते काही दशलक्ष वर्षांनी धाकटे, सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटत होता त्या काळाच्या आसपासचे.

पण घन खडक वर सरकेल कसा, ही पुढची शंका. घन म्हणजे हलत नाही, असे आपण धरून चालतो आणि तिथे फसतो. गोमुखाशी गंगोत्रीची हिमनदी पाहावी. तिचा बर्फ कुऱ्हाडीने फोडावा लागतो, त्यातून एस लहरी जातात, आणि तरीही ती दरवर्षी कित्येक मीटर खाली उतरते. बर्फाचे स्फटिक आतल्या आत, एकमेकांवरून, अतिशय हळू सरकतात. प्रावरणातले स्फटिक हेच करतात, फक्त वर्षाला काही सेंटिमीटरच्या वेगाने. भूकंपाची लहर काही सेकंदांचा हिसका देते, त्याला हा खडक पोलादासारखा उभा राहतो. कोट्यवधी वर्षांच्या दाबाला तो वाहून वाट देतो. काळाचे माप बदलले की एकाच पदार्थाची वागणूक बदलते, आणि भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकतो आहे तो याच गुणामुळे.

वज्रेश्वरीचे काय, असेही कोणी विचारील. अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी आणि पुढे कोकणभर उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी गरम पाण्याच्या कुंडांची रांगच आहे. खाली आग असल्याशिवाय पाणी तापेल कसे? इथे साधे गणित करावे. या झऱ्यांचे तापमान साधारण चाळीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान असते. पंचवीस अंशांचे पावसाचे पाणी सत्तरला न्यायचे म्हणजे पंचेचाळीस अंशांची वाढ हवी. किलोमीटरला पंचवीस-तीस अंश या दराने ते पाणी दीड-दोन किलोमीटर खोल जाऊन आले की पुरे. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या भेगा त्याला ही वाट देतात. तिथे लाव्हा असायची गरज नाही. पाण्यातला गंधकाचा वास काही खडकांतल्या द्रव्यांचा आहे.

प्रामाणिकपणे एक सवलत मात्र द्यायला हवी. प्रावरणाच्या वरच्या भागात, भूपट्टांच्या तळाखाली, काही ठिकाणी एस लहरी मंदावतात. तिथे स्फटिकांच्या फटींत शेकडा एखादा भाग रस असावा असे बरेच अभ्यासक मानतात. जागत्या ज्वालामुखींच्या खाली भूकवचात शिलारसाचे साठेही असतात. मढ-मनोरी-गोराईचा फिकट ट्रॅकाइट खडक अशाच साठ्याची खूण आहे. बेसॉल्टचा रस वाटेत थांबला, त्यातून जड स्फटिक खाली बसले आणि उरलेला सिलिकायुक्त रस वर आला. पण हे साठे स्थानिक आणि अल्पायुषी. मुंबईखालचे कोट्यवधी वर्षांपूर्वीच थिजले. लहर मंदावते पण विझत नाही, यातच निकाल आहे. फटींत रस भरलेला खडक हा खडकच असतो.

खरा वाद वेगळाच आहे, आणि तो विक्रोळीच्या शेजारीच चालतो. प्रावरणाचा खडक दख्खनखाली वर का सरकला? एक मत असे, की खोल प्रावरणातून तप्त खडकाचा खांब उठला. त्याच्यावरून भारत पुढे निघून आला आणि आज तोच खांब हिंदी महासागरात रियुनियन बेटाचा ज्वालामुखी चालवतो. पवईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांच्यासारखे भूवैज्ञानिक म्हणतात, असा खांब मानायला पुरावा नाही. भूपट्ट ताणला गेला, फाटला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रावरण चढले. किनाऱ्याचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत, त्याचा दोन्ही बाजू आपापल्या परीने अर्थ लावतात. पण लक्षात घ्यावे, की दोन्ही पक्षांच्या मते सुरुवात घन खडकापासूनच होते. लाव्हाच्या समुद्राच्या बाजूने बोलणारा या वादात कोणीच नाही.

हे सगळे इतके तपशिलात मांडले, कारण चुकीचे चित्र मनात असले की भीतीही चुकीच्या जागी बसते. नोव्हेंबर 2018 पासून पालघरमध्ये डहाणू-तलासरीला धक्के बसू लागले, तेव्हा ज्वालामुखी फुटेल का असे ज्यांच्या मनात आले, त्यांना दोष देता येत नाही. खाली लाव्हा उकळतो असेच त्यांना शिकवले गेले. पण भूकंप होतो तो कठीण खडक ताण सोसेनासा होऊन भेगेवर सरकतो म्हणून. तेव्हा काळजी घ्यायची ती घराच्या भिंतींची आणि खांबांची. वाचकांच्या प्रश्नाला उत्तर एवढेच, की विक्रोळीची विहीर कितीही खोल नेली तरी प्रावरणाच्या तळापर्यंत खडकच लागेल. त्यापलीकडे, 2900 किलोमीटरवर, एस लहरी खरोखर विझतात. तिथे द्रव आहे, पण तो वितळलेल्या लोखंडाचा. पृथ्वीच्या आत समुद्र म्हणण्याजोगे काही असेल तर ते तेवढेच, आणि आपले चुंबकत्व तिथूनच येते. ट्रामला वीज जोडायचे ठरल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला का हलवावी लागली, तिथूनच पुढच्या आठवड्यात गाभ्याला सुरुवात करू.